पिवळी फुली

दोन वर्षांत आम्ही अकरा बस पाहिल्या आणि अकराच्या अकरा आमच्या साहेबांनी नापास केल्या. साहेब म्हणजे माझा नवरा. चौतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवून रिटायर झालेला माणूस. मी त्यांना साहेब म्हणते, कारण नोकरी होती तोवर ते घरी यायचे ते पाहुण्यासारखेच, आणि पाहुण्याला काहीतरी मान द्यावा लागतो.

आमचं ठरलं होतं ते असं. साहेब रिटायर झाले की एक जुनी बस घ्यायची, आतल्या सीटा काढून टाकायच्या आणि तिचं घर करायचं. ओटा, पलंग, कपाट, पाण्याची टाकी. मग निघायचं. कुठे ते ठरलं नव्हतं, आणि मला ते ठरवायचंही नव्हतं. ही कल्पना माझी नाही, त्यांची. प्रत्येक फेरीला निघताना दारात बूट चढवता चढवता ते म्हणायचे, "एकदा सुटू दे या नोकरीतून, तुला घेऊन निघतोच बघ. घरालाच चाकं लावू." वर्षाला निदान चाळीस वेळा मी हे वाक्य ऐकलं असेल. चाळीस गुणिले चौतीस. इतक्या वेळा ऐकल्यावर कुणीही खरं धरून चालेल.

तोवर मी तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. बसच्या सीटांची कव्हरं शिवायचं माझं काम. रेक्झिन ओढून ओढून बोटांची टोकं राठ झालेली. आतल्या खोलीत सासूबाई, चौदा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागायची, त्यामुळे मी कधी दोन तासांच्या वर घराबाहेर राहिले नाही. खिडकी एकच. समोर शेजारच्या इमारतीची भिंत आणि भिंतीवरून उतरणारा सांडपाण्याचा पाइप. मी शिवलेल्या कव्हरांवर बसून लोक तलाव बघून आले, डोंगर बघून आले, समुद्र बघून आले. मी पाइप बघितला.

सासूबाई गेल्या. वर्षभराने साहेब रिटायर झाले. कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते मीच खिळा ठोकून लावलं. आठ दिवस वाट पाहिली आणि नवव्या दिवशी विचारलं, "अहो, कधी बघायची बस?"

"बघू की," साहेब म्हणाले. "घाई कसली?"

घाई कसली! पण ते जाऊ दे. पुढच्या रविवारी आम्ही निघालो.

बस जुनीच हवी, यावर दोघांचं एकमत होतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या बसचं लोखंड जाड असतं, इंजिनात काय बिघडलंय ते उघडून डोळ्यांनी दिसतं आणि रस्त्यात बंद पडली तर साध्या पान्याने चालू करता येते, असं साहेबांचं म्हणणं. मला त्या जुन्या बसची मागची गोलाई आवडायची, आणि खिडक्या. हल्लीच्या बसच्या काचा काळ्या असतात आणि उघडत नाहीत. साहेबांची अट एक, छप्पर उंच हवं. माझीही एकच, ओट्यासमोर खिडकी हवी. बाहेर पाइप सोडून काहीही दिसलं तरी चालेल.

बघायची पद्धत ठरलेली. जुन्या गाड्यांच्या यार्डात गेलं की साहेब आधी बसभोवती एक फेरी मारायचे, टायरला लाथ घालायचे, मग जमिनीवर पुठ्ठा टाकून पाठीवर खाली सरकायचे. बाहेर फक्त बूट. मी उकिडवी बसून एका हाताने टॉर्च धरायचे, मांडीवर वही. साहेब छोट्या हातोडीने चॅसी ठोकत पुढे जायचे. चांगलं लोखंड ठण्ण वाजतं. गंजाने आतून खाल्लेलं असलं की भद्द. जिथे भद्द, तिथे पिवळ्या मेणखडूची फुली. टायरवाले वापरतात तो खडू. पाण्याने जात नाही, घासल्याशिवाय निघत नाही. फुली मारून झाली की खालून हुकूम यायचा, "लिही." की मी लिहायचे.

साहेबांच्या कानाचा यार्डांमध्ये मोठा दरारा होता. नोकरीत असताना त्यांनी नुसतं ठोकून किती गाड्या खराब ठरवून बाद करायला लावल्या होत्या, त्याच्या गोष्टी यार्डवाला गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचा. साहेबांनी फुली मारलेल्या गाडीला मग दुसरं कुणी हात लावत नसे.

पहिली बस खरोखरच रद्दी होती. हातोडी सरळ आत घुसली आणि साहेबांच्या तोंडावर गंजाचा सडा पडला. मी पोट धरून हसले. दुसरीचं छप्पर इतकं ठेंगणं, की साहेबांना मान वाकवून उभं राहावं लागलं.

"घ्याच ही," मी म्हटलं. "तुम्ही जन्मभर मान खाली घालून वागाल."

"लग्न झाल्यापासून दुसरं काय केलं?" ते म्हणाले.

तेव्हा आम्ही अशी थट्टा करायचो.

तिसरी बस बघितली आणि मी गप्पच झाले. दुधी रंग, खाली मरून पट्टा, मागे भरदार गोलाई आणि छतावर चढायला लोखंडी शिडी. आत छताला लाकडी पट्ट्या, अजून पॉलिश टिकून होतं. दोन्ही बाजूंना सात-सात, एकूण चौदा खिडक्या. दाराला तीन पायऱ्या, खालची जरा उंच. मी दांडा न धरता वर चढले. तेव्हा चढत होते.

साहेब खाली पुठ्ठा टाकेपर्यंत मी पर्समधली टेप काढून खिडक्या मोजून टाकल्या. तेरा खिडक्या एकसारख्या. डाव्या बाजूची सातवी मात्र दोन बोटं आखूड निघाली. कधीतरी ठोकर लागून चौकट बदलली असणार. डाव्या बाजूच्या तिसऱ्या खिडकीशी मी उभी राहिले. तिथे ओटा. समोर यार्डाचं कुंपण होतं, कुंपणापलीकडे मोकळं मैदान आणि मैदानात कुणीतरी वाळत घातलेल्या चादरी. मी तिथेच उभ्या उभ्या डोळे पुसले, कुणी बघायच्या आत.

मग खाली येऊन टॉर्च धरली. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. अख्खी चॅसी ठणठणीत वाजत गेली. शेवटी मागच्या चाकाजवळचा आडवा बीम आला. हातोडी पडली. ठण्ण. मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यानंतर बराच वेळ काहीच आवाज नाही. मग खडूची करकर.

"लिही. मागचा आडवा बीम, खराब."

"अहो, वाजला तर चांगला."

"जुनं लोखंड फसवतं. वरून वाजतं, आतून पोकळ असतं. तुला नाही कळायचं ते."

मी लिहिलं. कव्हरं शिवणाऱ्या बाईला लोखंडातलं काय कळणार? ही चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही. माझ्या कानांनी ऐकलेलं मी खोटं धरलं आणि त्यांच्या तोंडचं वहीत उतरवलं.

पडदे मात्र मी त्याच आठवड्यात शिवले. निळ्या जाड कापडाचे चौदा पडदे, आतून अस्तर लावून. मापं घेतली की माझे हात थांबत नाहीत.

"आता हे कशाला?" साहेबांनी विचारलं.

"दुसऱ्या बसला होतील."

कुठल्याही दुसऱ्या बसला ते होणार नव्हते, हे मला माहीत होतं. गाठोडं बांधून मी ते पलंगाखाली सारले. साहेब त्या गाठोड्याकडे बघत बसले होते. मला वाटलं, बिचाऱ्यांना वाईट वाटतंय.

मग चौथी बघितली, तिच्यात कुणीतरी कोंबड्या पाळल्या होत्या. पाचवी पूर्वी फिरतं वाचनालय होती, आत फळ्या तशाच होत्या. सहावी चांगली वाटली, तिलाही फुली. सातवीचं इंजिनच जागेवर नव्हतं. दर वेळी घरून पुठ्ठा, हातोडी, टॉर्च आणि वही न्यायची, आणि वहीत एक पान भरून परत यायचं. नववी पुन्हा चांगली होती, निळसर काचांची. तिच्या खालीही मला सगळं ठण्णच ऐकू आलं होतं, पण तोवर मी विचारायचं सोडून दिलं होतं. त्या दिवशी उकिडवी बसले ती उठता येईना. साहेबांनी काखेत हात घालून उठवलं.

उजवा गुडघा. डॉक्टर म्हणाले, झीज झाली आहे, जिने कमी करा. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला हे सांगायला काय जातंय! ऑपरेशनचं विचारलं तर हृदय कमजोर आहे म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी नकार दिला. लांबचे प्रवास, धक्के, चढउतार, सगळं बंद करा म्हणाले. मी हो म्हटलं आणि घरी येऊन साहेबांना त्यातलं निम्मंच सांगितलं. बस मिळाली की बघू. बसलं की कुठे उतरायचंय सारखं? असा माझा हिशेब.

या दोन वर्षांत घरात एक गोष्ट मात्र बदलली. साहेब लग्नापासून गुडघे पोटाशी घेऊन झोपायचे. फेरीवर असताना बसच्या मागच्या सीटवर झोपायची सवय, ती घरच्या पलंगावरही सुटली नव्हती. रिटायर झाल्यावर तीन-चार महिन्यांनी ते पाय सरळ करून झोपायला लागले. सरळ कसले, आडवेतिडवे, अख्खा पलंग अडवून. मी भिंतीला चिकटून म्हणायचे, "अहो, बसमध्ये हे चोचले चालणार नाहीत. तिथे पलंग अडीच हातांचा." ते काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, झोप लागली.

गेल्या महिन्यात मी दोरा आणायला बाजारात गेले होते. बाजारामागे गाड्या लावायची मोकळी जागा आहे, तिथून जवळ पडतं म्हणून निघाले. कोपऱ्यात एक हिरवी बस उभी होती. खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली, मागे दोरीवर टॉवेल. कुणीतरी तिचं घर केलं होतं. मी बघत राहिले, जसं मी दोन वर्षं प्रत्येक बसकडे बघते. मग मागची गोलाई दिसली. शिडी दिसली. मी डाव्या बाजूने खिडक्या मोजत गेले. सातवी दोन बोटं आखूड.

मी खाली वाकले. गुडघ्यातून कळ डोक्यात गेली, तरी वाकले. मागच्या चाकाजवळच्या आडव्या बीमवर पिवळी फुली होती.

"काही पडलं का तुमचं?" वरून आवाज आला.

दारात माझ्याच वयाची एक बाई उभी होती, हातात चाळणी. रिटायर झालेल्या नर्सबाई निघाल्या. भावाबरोबर राहत होत्या, भाऊ प्लंबर. दोघांनाही पुढे-मागे कुणी नाही, म्हणून बहीण-भावाने मिळून ही बस घेतली होती. मी म्हटलं, बस सुंदर आहे. त्या म्हणाल्या, मग या की आत, चहा टाकते.

त्या तीन पायऱ्या चढताना मला दोन्ही हातांनी दांडा धरून स्वतःला वर ओढावं लागलं. नर्सबाईंनी ते पाहिलं.

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

त्या पुढे काही बोलल्या नाहीत, आणि नर्स काही बोलली नाही की काय समजायचं ते मला कळतं.

आत डाव्या बाजूला तिसऱ्या खिडकीशी ओटा होता. तिथलं वर्तमानपत्र त्यांनी काढून ठेवलं होतं. ओट्यावर मिरचीचं रोप, स्टूलवर रेडिओ. मी विचारलं, किती दिवस झाले? त्या म्हणाल्या, दीड वर्ष. दोन हिवाळे समुद्रकाठी काढले. वाटेत एकदा पंखा-पट्टा तुटला, तेवढंच. बाकी खालून हूं नाही की चूं नाही.

"खाली एक फुली दिसली," मी म्हटलं.

नर्सबाई हसायला लागल्या. "अहो, त्या फुलीनेच तर आम्हाला तारलं! कुणी मोठे जाणकार येऊन फुली मारून गेले होते म्हणे, म्हणून कुणी हात लावेना. यार्डवाल्याने शेवटी भंगाराच्या भावात दिली. माझ्या भावाला संशय आला. त्याने फुलीच्या शेजारी रंग खरवडून बघितला, तर लोखंड एकदम कोरं. तीन मिस्त्र्यांना दाखवलं, तिघं म्हणाले, याला काही धाड भरलेली नाही. पुसत होता तो फुली, मीच म्हटलं राहू दे. त्या शहाण्याची आठवण."

मी कप खाली ठेवला आणि विचारलं, "कधीपर्यंत आहात इथे?"

"गुरुवारी निघणार."

घरी आले तरी मी काही बोलले नाही. एरवी मी रागावले की भांडी बोलतात. त्या दिवशी भांडीही गप्प होती. साहेब पेपर वाचत होते, पाय समोरच्या खुर्चीवर सरळ पसरून. ते पाय मी बघितले आणि मला सगळं कळलं. पण कळणं वेगळं आणि त्यांच्या तोंडून ऐकणं वेगळं.

बुधवारी सकाळी मी म्हटलं, "एक बस आहे बघायला. बारावी."

"कुठल्या यार्डात?"

"यार्डात नाही. मालक स्वतःच आहेत, बाजारामागे."

साहेबांनी पुठ्ठा घेतला, हातोडी घेतली, खडू खिशात टाकला. टॉर्च आणि वही माझ्याकडे. मी पलंगाखालचं गाठोडंही ओढलं.

"ते कशाला?"

"माप बघायला."

हिरवा रंग बघून साहेब पुढे झाले. नेहमीसारखी फेरी सुरू केली. पुढच्या टायरला लाथ घातली. उजव्या बाजूने मागे गेले आणि शिडीपाशी थांबले. ड्रायव्हर रंगावरून बस ओळखत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अगं, ही तर..."

"झोपा खाली."

"ऐक तर माझं."

"पुठ्ठा टाका आणि झोपा."

नर्सबाई आणि त्यांचा भाऊ दारात बसले होते. त्यांना मी एवढंच सांगितलं होतं, की आमच्या ह्यांना जुन्या बसची आवड आहे. भाऊ म्हणाला, "बघा की निवांत," आणि मला उकिडवं बसता येत नाही हे बघून त्याने बादली उपडी करून दिली. मी तिच्यावर बसले. साहेब खाली गेले. बाहेर बूट राहिले. मी टॉर्च धरली.

"मागचा बीम ठोका."

काही नाही.

"ठोका."

ठण्ण.

"काय लिहू?"

बूट हलले नाहीत. "चांगला आहे," खालून आवाज आला.

"मोठ्याने. ऐकू नाही आलं."

"चांगला आहे गं."

मी वहीचं तिसऱ्या बसचं पान काढलं, 'खराब' खोडलं आणि 'चांगला' लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"सहावी?" मी विचारलं.

"चांगली होती."

"नववी?"

"तीपण."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या खरंच खराब होत्या. त्यांत मी खोटं नाही बोललो." आणि खरं सांगते, एवढं बोलताना त्यांच्या आवाजात जरा ऐटच होती.

"का?" मी विचारलं.

खालून बोलणं त्यांना सोपं जात असावं. तोंड दिसत नव्हतं ना. ते म्हणाले, "चौतीस वर्षं मी बसमध्ये झोपलो. मागच्या सीटवर, गुडघे दुमडून. उशीलासुद्धा डिझेलचा वास. सकाळी उठून कुठल्यातरी स्टँडच्या नळावर तोंड धुवायचं. डोंगर बघितले, समुद्र बघितला, सगळं काचेतून, घड्याळाकडे एक डोळा ठेवून. मला घरी राहायचं होतं. पाय सरळ करून झोपायचं होतं. बस."

"मग दर वेळी दारात ते काय म्हणायचात?"

"निघताना तुझं तोंड बघवायचं नाही. म्हणून म्हणायचो."

"आणि रिटायर झाल्यावर? तेव्हा तर कुठे निघायचं नव्हतं."

"सांगणार होतो. तिसऱ्या बसनंतर सांगणारच होतो. मग तू पडदे शिवलेस."

घ्या! म्हणजे दोष पडद्यांचा.

त्यांना घर हवं होतं याचा मला राग नाही. चौतीस वर्षं बाहेर काढलेल्या माणसाने घर मागावं, त्यात काय पाप आहे? घरी राहू म्हणाले असते, तर मी आठ दिवस भांडले असते, महिनाभर अबोला धरला असता, आणि मग एक दिवस पिशवी भरून एकटी निघाले असते. स्टँडवर जाऊन तिकीट काढलं असतं. पाय होते तेव्हा माझे. समुद्र बघून पंधरा दिवसांनी परत आले असते आणि त्यांच्या सरळ पायांवर पांघरूण घातलं असतं. पण त्यांनी ते करू दिलं नाही. त्यांनी मला आशेला लावलं, उकिडवं बसवलं आणि दोन वर्षं टॉर्च धरायला लावली. माझी शेवटची चांगली वर्षं त्यांच्या बुटांकडे बघण्यात गेली.

हे सगळं मी तिथे बोलले नाही. बादलीवर बसून परक्या माणसांसमोर काय बोलणार? मी टॉर्च बंद केली आणि गाठोडं सोडलं.

"नर्सबाई, जरा हे लावून बघता का? वर्तमानपत्रं काढा ती."

त्या नको नको म्हणत होत्या, पण कापड हातात घेतल्यावर गप्प झाल्या. पडदे लावायला साहेब आणि भाऊ आत गेले. मी बाहेरूनच बघत होते. पुन्हा पायऱ्या चढायची ताकद नव्हती. एकेक खिडकी निळी होत गेली. शेवटी साहेबांनी दोन बोटं आखूड पडदा हातात घेतला. तो कुठे लावायचा हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. सरळ डाव्या बाजूच्या सातव्या खिडकीशी गेले.

"अगदी मापाचे कसे हो बसले?" नर्सबाई म्हणाल्या.

"माप घेतलं होतं," मी म्हटलं.

भावाने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या खिशातून डोकावणाऱ्या पिवळ्या खडूकडे पाहिलं, आणि काही विचारलं नाही. सभ्य माणूस. नर्सबाईंनी मिरचीच्या रोपाची एक कुंडी माझ्या हातात दिली. निघताना त्या माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "गुडघ्याला जपा." म्हणजे फुली कुणाची आणि पडदे कुणासाठी, ते त्यांनाही कळलं होतं.

घरी आलो. जिन्यात पहिल्या मजल्यावर मी थांबले. दुसऱ्या मजल्यावर बसलेच, पायरीवर. साहेब कुंडी, पुठ्ठा, वही सगळं सांभाळत माझ्या शेजारी बसले. कुंडी पायरीवर ठेवली. मग म्हणाले, "घेऊ आपण."

"काय?"

"बस. नववी अजून यार्डात आहे, मी मध्ये चौकशी केली होती. उद्याच जाऊ. पलंग अडीच हातांचा असला तरी चालेल मला. मी झोपेन तसा. मला सवय आहे."

ते खरं बोलत होते. इतक्या वर्षांत मला त्यांचा आवाज तेवढा तरी ओळखता यायला लागला आहे. आतून-बाहेरून ठण्ण. आणि तेच मला सहन होईना. खोटं बोलले असते तर मी तिथेच भांडले असते, जिना दणाणून सोडला असता.

मी त्यांच्या खिशातून खडू काढला. उजवा पाय सरळ केला, होईल तेवढा, आणि गुडघ्यावर कापडावरूनच फुली मारली. एकदा असा आणि एकदा तसा, चांगला दाबून.

"वही उघडा," मी म्हटलं. "आज तुम्ही लिहा. बारावी."

"अगं..."

"लिहा. उजवा गुडघा, खराब."

साहेबांनी वही मांडीवर घेतली, पेनाचं टोपण काढलं. आमच्या जिन्यात दिवसाही अंधार असतो. त्यांना ओळी दिसेनात, म्हणून मी टॉर्च धरली.